पाणथळीची राखण कशी करावी: ठाणे खाडीकाठच्या रहिवाशांसाठी कार्यपद्धती

नेरूळमधील आमच्या इमारतीच्या गच्चीवरून, खाडीला भरती चढू लागली की रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे पामबीच मार्गालगतच्या पाणथळीकडे येताना दिसतात. काही वर्षांपूर्वी तेथील एका पाणथळीत राडारोडा पडू लागला, तेव्हा मी एका शासकीय कार्यालयाला दोन पानी पत्र लिहिले. त्या पत्रात पक्ष्यांच्या सौंदर्याचे वर्णन होते, पुढच्या पिढीची चिंता होती आणि बराच संताप होता. नव्हता तो जागेचा सर्व्हे क्रमांक, भरावाची तारीख आणि पाणी कोठून अडले याचा उल्लेख. ते पत्र तीन कार्यालये फिरून चार महिन्यांनी परत आले, आणि त्यावर शेरा होता, "सदर जागा या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." पुढे जे लिहिले आहे, ते त्या शेऱ्याने शिकवलेले आहे.

आधी भरती-ओहोटी समजून घ्या

ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यातील ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाली. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असून त्यातील निम्म्याहून थोडे अधिक कांदळवन (खारफुटीचे जंगल) आणि उरलेले खाडीचे पाणी व चिखल आहे. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळीचा, आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातील हे तिसरे रामसर स्थळ. एवढे झाल्यावर पक्षी सुरक्षित झाले असे कोणालाही वाटेल, परंतु अडचण अभयारण्याच्या सीमारेषेबाहेर आहे.

रोहित पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चरतात. चोच उलटी धरून ते पाणी गाळतात आणि त्यातील सूक्ष्म शैवाल व जीव खातात. भरतीला हा चिखल बुडतो, आणि त्या काही तासांसाठी पक्ष्यांना जवळच, उथळ पाण्याची, निवांत जागा लागते. नेरूळची एनआरआय आणि टी. एस. चाणक्य परिसरातील पाणथळ, सीवूड्सचे डीपीएस तळे, उरणकडचे पाणजे, पलीकडच्या तीरावर भांडुपचा उदंचन (पंपिंग) केंद्राचा परिसर, या त्या विश्रांतीच्या जागा होत. यांतील बहुतेक अभयारण्यात नाहीत. त्या गेल्या तर खाडीतला चिखल शाबूत असूनही पक्षी येथे टिकणे अवघड होते. धाकटा रोहित जागतिक सूचीत संकटसमीप मानला जातो, हेही येथे ध्यानात घ्यावे.

एकच जागा निवडा आणि पाण्याची वाट शोधा

सगळी खाडी वाचवायला निघालेला गट सहसा दोन पावसाळ्यांत थकतो. त्याऐवजी घरापासून पायी जाता येईल अशी एकच पाणथळ किंवा कांदळवनाचा एकच तुकडा निवडावा. ठाणेकरांसाठी तो कोलशेतचा किंवा दिवा-मुंब्र्याकडचा खाडीकाठ असेल, नवी मुंबईकरांसाठी वाशी, सारसोळे, करावे किंवा दिवाळे यांच्या आसपासचा.

जागा ठरली की पक्षी मोजण्याच्या आधी पाणी आत येण्याची वाट शोधावी. मला हे दिवाळे कोळीवाड्यातील एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले. मी दुर्बीण घेऊन बांधावर उभी होते, तेव्हा ते म्हणाले, "ताई, पाखरा मंग मोजा. पानी कुठशी येतंय, तां आदी बगा." त्यांनी दाखवलेली वाट म्हणजे रस्त्याखालची, माणूस वाकून आत जाईल एवढी एक मोरी होती. तिच्या खाडीकडच्या तोंडाशी विटांचे तुकडे, फरशांचे काठ आणि मातीच्या गोण्या पडलेल्या होत्या. पूर्ण भरतीला बाहेरच्या बाजूस पाणी मोरीच्या कमानीला लागले होते आणि आतल्या बाजूस चिखलाला भेगा पडलेल्या होत्या.

पाणथळ मारण्याची नेहमीची रीत हीच आहे. कुऱ्हाड चालवली तर ओरड होते, म्हणून आधी मोरी बुजते किंवा उघाडीची, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याच्या दाराची, झडप 'दुरुस्तीसाठी' बंद राहते. खारे पाणी थांबले की तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, काही महिन्यांत वाळतात आणि तळ्यात शेवाळ माजते, नाहीतर ते कोरडे पडते. मग एके दिवशी पाहणीच्या अहवालात लिहिले जाते की येथे कांदळवन अथवा पाणथळ आढळली नाही. म्हणून झाडांइतकाच, किंबहुना त्यांच्याआधी, मोऱ्यांचा नकाशा तयार करावा. प्रत्येक मोरी, उघाडी आणि नाल्याचे तोंड कागदावर क्रमांक देऊन दाखवावे.

नोंदवही

दर पंधरवड्यास एक फेरी पुरेशी आहे, मात्र ती भरतीच्या वेळी व्हावी. कोकणातला जुना आडाखा असा, की तिथीच्या अंकाला तीनने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. त्यानुसार अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, तर अमावास्या-पौर्णिमेला दुपारच्या आगेमागे असते. खाडीत आत जाल तशी ती थोडी उशिरा पोहोचते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण सगळ्यांत सोयीचे, कारण भरपूर उजेड असतो आणि पाणी सर्वांत वर चढलेले असते. तेव्हाही तळ्यात पाणी आले नाही, तर वाट अडली आहे हे निर्विवाद ठरते. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे लहान भरतीला, पाणी मुळातच कमी चढते. त्या दिवशीचे छायाचित्र पुरावा म्हणून दिले तर समोरचा अधिकारी ते सहज उडवून लावेल, आणि त्याचे चुकणारही नाही.

नोंद कशी असावी, याचा नमुना देते: "१४ मार्च, अमावास्या, दुपारी १२.१०. मोरी क्र. ३, खाडीकडील तोंडावर अंदाजे सहा ब्रास राडारोडा. बाहेर पाणी कमानीपर्यंत, आत कोरडे. आतील तिवरांच्या शेंड्याची पाने पिवळी, अंदाजे चाळीस झाडे. रोहित शून्य, शेकाटे अकरा." यात मत कोठेही नाही. कोणी टाकले याविषयी तर्क नाही. राडारोड्याचे माप ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) द्यावे, कारण डंपर आणि ठेकेदार त्याच मापात बोलतात आणि पंचनाम्यातही तेच लिहिले जाते.

छायाचित्रावर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटवणारी मोफत अॅप्स आहेत. ती वापरावीत, पण मूळ फाइल कधीही खोडू नये. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या प्रतीतून मूळ माहिती निघून जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते मूळ उपकरण व मूळ फाइल हाताशी असेल तरच नीट देता येते. जुन्या स्थितीसाठी गूगल अर्थ प्रोमधील कालपट्टी मागे सरकवून त्याच जागेची पूर्वीची उपग्रह छायाचित्रे काढावीत. 'येथे कधी पाणी नव्हतेच' या युक्तिवादाला याहून चांगले उत्तर मला अजून सापडलेले नाही.

जागेची कुंडली मांडा

आता सगळ्यांत कंटाळवाणे आणि सगळ्यांत फलदायी काम. जागेचा सर्व्हे किंवा गट क्रमांक काढावा, सात-बारा पाहावा, आणि नवी मुंबईत असल्यास जमीन सिडको या शहर विकास महामंडळाकडे आहे, वन विभागाकडे हस्तांतरित झाली आहे की आणखी कोणाकडे, हे निश्चित करावे. त्यानंतर किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा १:४००० प्रमाणातील नकाशा काढून तो तुकडा कोणत्या वर्गात मोडतो ते पाहावे. शेवटी महापालिकेच्या विकास आराखड्यात त्यावर कोणते आरक्षण आहे ते तपासावे. तिन्ही कागद एकमेकांशी जुळत नाहीत असे अनेकदा आढळते, आणि तक्रारीचा खरा मुद्दा पुष्कळदा त्या विसंगतीतच असतो.

संरक्षण कोणत्या कायद्याने मागावयाचे, हे येथेच ठरते. जागा कांदळवनाची असेल तर बाजू भक्कम आहे. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील मूलभूत हक्काचा भंग ठरवला, भोवती ५० मीटरचा पट्टा राखण्यास सांगितले आणि नष्ट झालेले कांदळवन पूर्ववत करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. देखरेखीसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समितीही आहे.

जागा केवळ पाणथळ असेल, झाडे नसतील, तर काम नाजूक होते. २०१७ च्या पाणथळ नियमांखाली भराव, अतिक्रमण, कचरा टाकणे आणि कमाल पूररेषेच्या सरासरीपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम यांना मनाई आहे. परंतु पिण्याच्या पाण्यासाठी, मीठ उत्पादनासाठी, मत्स्यशेतीसाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेली जलस्थाने त्या व्याख्येतून वगळली आहेत. त्यामुळे 'हे जुने मिठागर आहे' किंवा 'हे मानवनिर्मित तळे आहे' असे उत्तर येण्याची तयारी ठेवावी. अशा वेळी २०११ च्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात त्या जागेची नोंद आहे का, ते शोधावे. त्यातील २.२५ हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सांगितलेले आहे. नोंद सापडली, तर मानवनिर्मित की निसर्गनिर्मित हा वाद बराच मवाळ होतो.

तक्रार लिहिणे आणि तिचा पाठपुरावा

तक्रार एका पानाची असावी. पहिल्या परिच्छेदात जागा: सर्व्हे क्रमांक, जवळची खूण, अक्षांश-रेखांश. दुसऱ्यात घटना: तारीख, वेळ, तिथी, माप. तिसऱ्यात कोणत्या नियमाचा किंवा आदेशाचा भंग झाला ते. चौथ्यात मागणी, आणि ती मोजता येण्यासारखी असावी. "पर्यावरण वाचवा" अशी मागणी करून काहीही हाती येत नाही. "मोरी क्र. ३ मधील राडारोडा काढून पाण्याचा प्रवाह पूर्ववत करावा आणि पंचनाम्याची प्रत द्यावी" ही मागणी झाली. दोन छायाचित्रे पुरेत. पंचवीस जोडली तर एकही पाहिले जात नाही.

मूळ तक्रार एकाच अधिकाऱ्याला द्यावी आणि बाकीच्यांना प्रती. कांदळवन असेल तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे वनपरिक्षेत्र अधिकारी, महसुली जमीन असेल तर तहसीलदार, राडारोडा रस्त्यावरून येत असेल तर महापालिकेचा विभाग अधिकारी. जमीनमालक संस्था आणि विभागीय आयुक्तांची समिती यांना प्रत जावीच. डंपर डोळ्यांसमोर रिकामा होत असेल तर ११२ वर आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, वाहनाचा क्रमांक दुरून टिपावा आणि तेथून निघावे. रात्रीच्या वेळी चालकाशी हुज्जत घालण्यात शौर्य असेल, उपयोग मात्र नाही. चालक हा या साखळीतला सर्वांत लहान माणूस असतो.

अर्ज हातोहात देऊन पोच घ्यावी, आणि पोच म्हणजे नुसता शिक्का नव्हे. आवक क्रमांक घातल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढे प्रत्येक पत्रात तोच क्रमांक येतो. २००५ च्या शासकीय कर्तव्यातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या राज्य अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती (फाइल) एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहू नये. या तरतुदीची आठवण सौम्य शब्दांत, स्मरणपत्राच्या शेवटच्या ओळीत करून द्यावी. ती पहिल्याच पत्रात घातली तर समोरचा माणूस दुखावतो, आणि पंचनाम्याला येणारा वनरक्षक किंवा तलाठी दुखावणे आपल्याला परवडणारे नाही. हे लोक बहुधा कमी मनुष्यबळात मोठा पट्टा सांभाळत असतात. मोऱ्यांचा आपला नकाशा त्यांच्या हाती दिला तर अनेकदा तेच आपले सर्वांत चांगले साक्षीदार होतात.

माहितीचा अधिकार

तीस दिवसांत काही हलले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयापुरता आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांत असावा लागतो. "कारवाई का केली नाही" असे विचारू नये, कारण 'का' हा कागद नव्हे आणि माहिती अधिकारात कागदच मिळतो. विचारावे असे: "आवक क्र. अमुक या तक्रारीवरील टिपणीसह संपूर्ण नस्तीची प्रत, स्थळपाहणी अहवालाची प्रत, आणि सदर सर्व्हे क्रमांकावर भरावासाठी दिलेल्या परवानगीची प्रत, असल्यास." यातला शेवटचा मुद्दा कळीचा आहे. परवानगी नाही असे लेखी उत्तर आले, तर भराव अनधिकृत असल्याची कबुली त्याच कार्यालयाकडून मिळते.

माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करणे कलम ६(३) नुसार बंधनकारक आहे. म्हणजे माझ्या पत्रावर बसलेला तो 'अखत्यारीत नाही'चा शेरा या अर्जावर चालत नाही. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगाकडे फार वेळ लागतो, म्हणून अर्ज इतका अचूक असावा की पहिल्या अपिलापलीकडे जावे लागू नये.

हरकती आणि जनसुनावणी

विकास आराखड्याचा मसुदा किंवा त्यातील फेरबदल प्रसिद्ध होतो तेव्हा ठरावीक मुदतीत, बहुधा ३० दिवसांत, कोणीही हरकत नोंदवू शकतो आणि नियोजन समितीपुढे म्हणणे मांडू शकतो. एकाच मजकुराच्या हजार छापील हरकतींपेक्षा सर्व्हे क्रमांक, किनारा क्षेत्राचा नकाशा आणि आपल्या नोंदवहीतील पाने जोडलेल्या दहा हरकती मला अधिक वजनदार वाटतात. छापील हरकती निरुपयोगी नाहीत, संख्याही नोंदली जाते. पण त्यांचे उत्तर एका वाक्यात देता येते.

मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते. निदान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो आणि संपूर्ण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात व महापालिकेत पाहता येतो. सारांशावर समाधान मानू नये. मूळ अहवालात पक्षी-सर्वेक्षण कोणत्या तारखांना झाले ते पान शोधावे आणि पंचांग घेऊन बसावे. रोहित पक्षी येथे साधारण नोव्हेंबर ते मे या काळात मोठ्या संख्येने असतात. ऑगस्टमध्ये केलेल्या पाहणीत ते दिसणार नाहीत, आणि ऐन हंगामातही ओहोटीच्या वेळी विश्रांतीच्या तळ्यावर गेल्यास तळे रिकामेच सापडेल. "पृष्ठ अमुकवर सर्वेक्षणाची वेळ नमूद नाही, ती भरतीची होती काय?" या एका प्रश्नाने अख्ख्या प्रकरणाची दिशा बदलू शकते.

बोलण्यासाठी तीन मिनिटे मिळतील असे धरून चालावे आणि तेच म्हणणे लेखी देऊन त्याची पोच घ्यावी. सुनावणीच्या शेवटी मांडलेल्या मुद्द्यांचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवणे अधिसूचनेनुसार आवश्यक आहे. तोवर सभागृह अर्धे रिकामे झालेले असते. आपण थांबावे, आणि आपला मुद्दा गाळला गेला असेल तर तेथेच उभे राहून तो घालण्यास सांगावे. मंजुरी मिळालीच, तर अटींच्या पूर्ततेचा अर्धवार्षिक अहवाल दर १ जून आणि १ डिसेंबरला सादर व्हावयाचा असतो. तो मागवून प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहण्याचे काम फार थोडे लोक करतात.

हरित न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय

महाराष्ट्रासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. भरपाई मागितली नसेल तर अर्जाचे शुल्क १,००० रुपये असून अर्जदार स्वतः बाजू मांडू शकतो. मात्र मुदत कडक आहे: तंटा प्रथम उद्भवल्यापासून सहा महिने, आणि सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस. पर्यावरणीय मंजुरीविरुद्धच्या अपिलाला ३० दिवस. समितीचे उत्तर येईल, पाहणी होईल, या आशेवर सहा महिने कसे निघून जातात ते कळत नाही. म्हणून नोंदवहीत भरावाची पहिली नोंद झाली त्याच दिवशी सहा महिने पुरे होण्याची तारीख लाल शाईने लिहून ठेवावी, आणि पाचव्या महिन्यात वकिलाकडे जावे, मग प्रशासन कितीही अनुकूल दिसत असो.

प्रश्न कांदळवनाच्या आदेशाच्या भंगाचा किंवा जमिनीच्या वापरातील बदलाचा असेल तर उच्च न्यायालयातील जनहित याचिका हा मार्ग आहे. नेरूळच्या पाणथळ पट्ट्यावरील गोल्फ कोर्स आणि निवासी प्रकल्पाविरुद्ध रहिवासी उच्च न्यायालयात गेले होते आणि २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. अशा प्रकरणांत वर्षे जातात, आणि तोवर मोरी उघडी ठेवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

काही गोष्टी करू नयेत

खाडीच्या उघड्या चिखलात उत्साहाने तिवरे लावण्याचे कार्यक्रम होतात. छायाचित्रे छान येतात, परंतु तो चिखल म्हणजे रोहित, तुतारी आणि चिखल्या या पक्ष्यांचे ताट आहे. त्यावर झाडे उभी केली तर ताटच जाते. लागवड करावयाची असेल तर पूर्वी कांदळवन होते आणि ते मारले गेले अशाच जागी, वन विभागाच्या देखरेखीखाली, आणि पाण्याची वाट मोकळी झाल्यावर. ती मोकळी झाली तर खारफुटीचे बी भरतीबरोबर आपणहून येते, असा माझा तरी अनुभव आहे. ड्रोन उडवू नये, थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवू नयेत. जखमी पक्षी सापडल्यास त्याला पाणी-खाणे न देता हवेशीर खोक्यात अंधारात ठेवून १९२६ वर कळवावे. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये. छायाचित्र घ्यावे आणि पुढे शवविच्छेदनाचा अहवाल माहिती अधिकारात मागावा.

राडारोडा काढल्यानंतर

आमच्या मोरीचा राडारोडा अखेर निघाला. जेसीबी आला, दोन डंपर भरले, आणि तक्रार निकाली काढल्याचे पत्र त्याच आठवड्यात हाती पडले. पुढच्या पौर्णिमेला दुपारी गेले, तर तोंड मोकळे होते आणि पाणी मोरीत निम्म्यापर्यंत शिरून थबकत होते. मध्यभागी, बाहेरून दिसणार नाही अशा ठिकाणी, गोण्या तशाच होत्या. म्हणून निकाली पत्र आले तरी लागोपाठ तीन उधाणांना आतल्या बाजूने पाण्याची पातळी पाहावी, बांबूवर दर वीतभर रंगाची खूण करून तो तळ्यात रोवावा आणि त्याचे छायाचित्र त्याच कोनातून घ्यावे. आम्ही जुन्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन अर्धे पान लिहिले, सोबत बांबूची दोन छायाचित्रे जोडली. दुसऱ्या वेळी वनरक्षक स्वतः टॉर्च घेऊन मोरीत वाकले. त्यानंतरच्या अमावास्येची नोंद अशी आहे: "दुपारी १२.२५. मोरी क्र. ३ मोकळी. आत पाणी बांबूच्या चौथ्या खुणेवर. रोहित सात."